परतीचे तिकीट नसले तर विमानतळावर अडवतात का?

फोंड्याच्या एका आईने विचारले आहे. तिचा चोवीस वर्षांचा मुलगा गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईमार्गे बँकॉकला निघाला आहे. तिथून व्हिएतनाम आणि पैसे पुरले तर बाली, असा त्याचा बेत. परत कधी यायचे ते ठरलेले नाही, म्हणून त्याने फक्त जायचे तिकीट काढले. आता एक जण म्हणतो काउंटरवरूनच घरी पाठवतील, दुसरा म्हणतो हजारभर रुपयांत डमी तिकीट मिळते, ते दाखवून मोकळा हो. हा नियम खरा आहे की विमान कंपन्यांनी तिकिटे खपवायला काढलेली युक्ती, आणि मुलाने नेमके काय करावे, असा प्रश्न आहे.

ताई, आधी उत्तर देतो, कारणे मागाहून सांगतो. नियम खरा आहे. थायलंडमधून बाहेर पडण्याचे, पैसे भरलेले तिकीट मुलाजवळ असू द्या. ते भारतातच परत येणारे हवे असे नाही. पण ज्या देशाचे असेल तिथे शिरायची त्याला मुभा हवी आणि तारीख थायलंडने दिलेल्या मुदतीच्या आतली हवी. डमी तिकीट मात्र घेऊ देऊ नका.

मी अकरा वर्षे गोव्याच्या दाबोळी विमानतळावर चेक-इन काउंटरमागे उभा राहिलो आणि नंतरची पंधरा वर्षे म्हापशात तिकिटांचे दुकान चालवतो आहे. शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसे मिरच्या-सुकी मासळी घेऊन झाली की पिशव्यांसकट माझ्याकडे येतात आणि हाच प्रश्न विचारतात. म्हणून थोडे लांबण लागले तरी नीट सांगतो. मुलालाही वाचायला द्या.

हे सगळे येते कुठून ते पाहा. १९४४ साली शिकागोला आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा करार झाला. त्याच्या नवव्या परिशिष्टात प्रवाशांच्या ये-जा करण्याचे नियम आहेत. एखाद्या देशाने उतरलेल्या प्रवाशाला प्रवेश नाकारला, तर त्याला घेऊन आलेल्या विमान कंपनीनेच त्याला माघारी न्यायचे, हे त्यातले मुख्य सूत्र. त्यावर अनेक देशांनी दंडही बसवले आहेत. आपल्याकडे २००० साली असाच कायदा झाला. कागदपत्रे धड नसलेला प्रवासी भारतात आणला तर कंपनीला माणशी एक लाख रुपये दंड. २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने त्याची जागा घेतली, पण जबाबदारी वाहून आणणाऱ्यावर हे तत्त्व तसेच राहिले. म्हणजे बँकॉकच्या अधिकाऱ्याने तुमच्या मुलाला 'परत जा' म्हटले, तर त्याला परत आणायचे ओझे कंपनीवर पडते. कंपनी तो खर्च नंतर प्रवाशाकडून वसूल करू शकते. तिकिटाच्या अटींमध्ये ते लिहिलेले असते, फक्त आपण ते वाचत नाही. म्हणून बँकॉकची तपासणी मोपालाच सुरू होते.

आता काउंटरच्या आतल्या बाजूने पाहा. समोर बसलेली मुलगी पंचविशीची असते आणि माणशी तिला दोन-तीन मिनिटे मिळतात. तिच्या संगणकावर टायमॅटिक नावाची माहिती उघडते. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ती चालवते, आणि देशोदेशीची सरकारे नियम बदलले की तिथे कळवतात. ती मुलगी पासपोर्ट कोणत्या देशाचा, निघाला कुठे, राहणार किती दिवस, व्हिसा कोणता एवढे भरते आणि स्क्रीनवर उत्तर येते. त्यात 'परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट हवे' अशी ओळ असेल, तर ती तिकीट मागणार. ती हुज्जत घालत नसते आणि तिला वाकवताही येत नाही. तुमच्या मुलाने कितीही गोड बोलून 'मी तिथे गेल्यावर काढतो' म्हटले तरी तिच्या हातात काही नसते. चूक झाली तर जाब तिला विचारला जातो. सुपरवायझरला बोलवा म्हणाल तर तोही तीच ओळ वाचून दाखवतो. मी स्वतः कितीतरी वेळा वाचून दाखवली आहे.

कधीकधी ती विचारतही नाही. व्हिसा छापलेला असला, गर्दी असली, प्रवासी वयस्क आणि शिक्के भरलेला पासपोर्ट असला, की सरळ बोर्डिंग पास देऊन मोकळी होते. त्यामुळे 'मी तीनदा गेलो, मला कोणी काही विचारले नाही' असे सांगणारे पुष्कळ भेटतील. ते खोटे बोलत नाहीत, पण त्यांचे न विचारले जाणे म्हणजे नियम नाही असे होत नाही. आपल्या पोराची पाळी कोणत्या दिवशी येईल ते कसे सांगणार?

देशादेशांत फरक आहे. मालदीव उतरल्यावर फुकट ३० दिवसांचा व्हिसा देते, पण परतीचे पक्के तिकीट आणि राहण्याचे बुकिंग दोन्ही पाहते. इंडोनेशिया ५,००,००० रुपिया घेऊन विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा देते, तो एकदा तेवढ्याच दिवसांनी वाढवता येतो, आणि तिकिटाची अट आहेच. बालीला जाणाऱ्यांना काउंटरवर ते हमखास विचारतात. थायलंडने भारतीयांना २०२३ च्या नोव्हेंबरात व्हिसाशिवाय ३० दिवस दिले आणि २०२४ च्या जुलैत ते ६० केले. हे आकडे तिथले सरकार पुन्हा बदलू शकते, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहायचे. शिवाय १ मे २०२५ पासून थायलंडचे आगमन कार्ड ऑनलाइन भरावे लागते, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट निघाल्या आहेत, त्यांच्या नादी लागू नका. व्हिएतनामचा ई-व्हिसा आता ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशाचा २५ डॉलरना आणि अनेक प्रवेशांचा ५० डॉलरना.

याच व्हिएतनामपाशी मुलाचे गणित अडू शकते. तो म्हणेल, 'मग मी बँकॉक ते हनोई तिकीट काढतो, झाले पुढचे तिकीट.' काढू दे, पण व्हिएतनामचा ई-व्हिसा हातात आल्यावर. पुढचे तिकीट म्हणजे नुसता कुठलातरी कागद नव्हे. त्या पुढच्या देशात तो शिरू शकतो हे दिसले पाहिजे. व्हिसा नसताना सिंगापूरचे तिकीट दाखवणारी मुले मी पाहिली आहेत. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, त्यामुळे ते तिकीट असून नसल्यासारखे. काउंटरवरची मुलगी एकामागून एक दोन्ही देश तपासते.

आता डमी तिकिटाकडे येतो. यावर मला मनापासून बोलायचे आहे, कारण यात फसलेली बहुतेक माणसे सरळमार्गी असतात. कोणीतरी 'सगळेच करतात' म्हणून सांगितलेले असते.

डमी दोन प्रकारचे. पहिल्यात एजंट आरक्षणाच्या प्रणालीत खरेच जागा धरतो, सहा अक्षरांचा पीएनआर निघतो, पण पैसे भरलेले नसतात. अशा आरक्षणाला कंपनी मुदत देते. कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस. मुदत संपली की जागा आपोआप सुटते आणि कोणाला काही कळवले जात नाही. व्हिसाच्या अर्जासाठी असे आरक्षण चालते. युरोपच्या शेंगेन व्हिसाला अर्ज करताना प्रवासाचे आरक्षण जोडा, पण व्हिसा हातात येईपर्यंत पैसे गुंतवू नका, असेच सांगितले जाते. मीही तसे आरक्षण देतो आणि त्यावर ठळक लिहून देतो की हे तिकीट नाही. पण अर्जाची खिडकी वेगळी आणि चेक-इनचा काउंटर वेगळा. दुसरा प्रकार म्हणजे निव्वळ बनावट: जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर नाव आणि तारीख बदललेली. हा सरळसरळ खोटा दस्तऐवज आहे. तो परदेशी अधिकाऱ्याच्या हातात देणे म्हणजे काय, ते मुलाला समजावून सांगा. प्रवेश नाकारल्याची नोंद राहते आणि पुढच्या कित्येक व्हिसांच्या अर्जांत 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला आहे का' या रकान्यापुढे आयुष्यभर 'होय' लिहावे लागते.

खरे तिकीट ओळखायचे कसे? पीएनआरकडे पाहू नका, तिकीट क्रमांक पाहा. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या ई-तिकिटावर तेरा आकडी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतार एअरवेजचे १५७. पैसे भरल्याशिवाय तो क्रमांक तयारच होत नाही. काही स्वस्त कंपन्या असा क्रमांक देत नाहीत, त्यांचा पीएनआरच तिकीट. तो त्यांच्या साइटवर टाकून 'कन्फर्म' दिसतो का ते पाहायचे. काउंटरवरची मुलगीही तेच करते, तिला त्याला अर्धे मिनिट लागते.

गेल्या डिसेंबरात पहाटे पावणेचारला मोपाहून फोन आला. डिचोलीचे नवे जोडपे, बेंगळुरूमार्गे बालीला निघालेले. जायचे तिकीट त्यांनी ऑनलाइन काढले होते आणि परतीचे कोणाकडून तरी बाराशे रुपयांत 'करून' घेतले होते. काउंटरवर तो पीएनआर टाकला तर 'आरक्षण सापडत नाही'. आदल्या रात्री मुदत संपून ते गळून पडले होते. नवी नवरी रडत होती, फोनवर तिच्या चुड्याचा आवाज येत होता. काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटे. मी घरीच लॅपटॉप उघडला, बालीतल्या देनपसारहून परतीचे तिकीट शोधले, भाडे नेहमीच्या तिप्पट होते, पण घ्या म्हणाले. नवऱ्याचे कार्ड टाकले. ओटीपी गेला त्याच्या वडिलांच्या फोनवर, कारण बँकेत जुना नंबर नोंदलेला. वडील डिचोलीत झोपलेले. पहिला फोन कोणी उचलला नाही, दुसरा उचलला तोवर ओटीपीची वेळ संपली, पुन्हा पाठवला. तिकीट निघाले तेव्हा काउंटरला सात मिनिटे उरली होती. ती दोघे गेली, फोटोही पाठवले. पण त्या पंचवीस मिनिटांत त्यांचे जे झाले ते खऱ्या तिकिटाचे पैसे वाचवण्याच्या तोलाचे नव्हते, आणि ज्याने ते 'करून' दिले त्याचा फोन त्या पहाटे बंद होता.

तर मग खरे तिकीट, पण खिशाला झेपेल असे, कसे काढायचे?

माझी पहिली पसंती नेहमी परतीच्या तिकिटाला, ज्याची तारीख बदलता येते. येण्या-जाण्याचे एकत्र तिकीट पुष्कळदा दोन वेगळ्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते आणि तारीख बदलायचा दर आधीच छापलेला असतो. तुमच्या मुलाने जायचे तिकीट आधीच काढले आहे, त्यामुळे हा मार्ग आता बंद. उरले दोन.

एक म्हणजे पूर्ण परतावा मिळणारे तिकीट. ते महाग असते, पण रद्द केल्यावर पैसे परत येतात. काढताना 'रिफंडेबल' शब्दावर भुलू नका. कधी फक्त कर परत मिळतात, कधी पैसे न देता कंपनीच्याच पाकिटात जमा करतात. रद्द करण्याचे शुल्क किती ते रुपयांत पाहा. परतावा यायला काही दिवस जातात, तेवढे दिवस कार्डावर ती रक्कम अडकून राहील हेही धरा.

दुसरा मार्ग मला तुमच्या मुलासाठी जास्त योग्य वाटतो: बँकॉकहून जवळच्या देशाचे स्वस्त, परत न होणारे तिकीट. बँकॉक ते क्वालालंपूर घ्या. स्वस्त कंपन्यांची विमाने दिवसभर असतात, आधी काढले तर काही हजारांत मिळते. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ३० दिवस दिले आहेत आणि ही सवलत २०२६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली आहे, म्हणजे ते तिकीट काउंटरवर टिकते. तो गेला तर तिकीट वापरले, न गेला तर तेवढे पैसे गेले. त्याला प्रवासखर्चातच धरा, विम्याच्या हप्त्यासारखे. व्हिएतनामचा ई-व्हिसा आधी आला तर हनोईचे तिकीट याहून बरे, कारण तिथे तो खरेच जाणार आहे.

रेल्वे किंवा बसचे तिकीट चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. बँकॉकहून मलेशियाच्या सीमेवरच्या पदांग बेसारला गाडी जाते, २०२४ च्या जुलैपासून लाओसच्या व्हिएनतियानलाही थेट गाडी आहे. कागदोपत्री तेही बाहेर पडण्याचे तिकीटच. पण मोपाच्या काउंटरवरच्या मुलीला ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते ती मान्य करेल याची खात्री देता येत नाही. विमानाचेच असू द्या.

आता दिवस मोजणे. इथे हुशार माणसेही चुकतात. थायलंड आणि इंडोनेशिया पोचण्याचा दिवस पहिला धरतात. समजा ३० दिवसांची मुदत आहे आणि तो ५ मार्चला उतरला, तर शेवटचा दिवस ३ एप्रिल, ४ एप्रिल नव्हे. आपण 'पाच ते पाच महिना' असे मोजतो आणि दोन दिवस पुढे जातो. त्यात मुंबईहून रात्री उशिरा सुटणारे विमान दुसऱ्या दिवशी पोचते, तेव्हा तारीख तिथली धरायची, इथून निघाल्याची नव्हे. तशीच गत बाहेर पडण्याच्या विमानाची: ते मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुटत असेल तर कॅलेंडरवर पुढचा दिवस लागलेला असतो. मी मुदतीच्या दोन-तीन दिवस आधीचेच तिकीट देतो.

आणि आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. तुमच्या मुलाला थायलंडपेक्षा आपल्याच इमिग्रेशनचा अधिकारी जास्त प्रश्न विचारू शकतो. मुंबईच्या खिडकीवर चोवीस वर्षांचा मुलगा, एकटा, पहिलाच परदेश प्रवास, बँकॉक, जायचेच तिकीट, हे चित्र दिसले की तो अधिकारी थांबतो. याला कारण आहे. नोकरीच्या आमिषाने बँकॉकला बोलावून तिथून म्यानमारच्या सीमेपलीकडे नेलेल्या आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवलेल्या शेकडो भारतीय मुलांना सोडवून आणावे लागले आहे. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या सीमेवरून पाचशेहून अधिक जणांना परत आणले. ती मुले पर्यटक म्हणूनच गेली होती. म्हणून त्या अधिकाऱ्यावर रागवू नये. मुलाला सांगा, खरे ते आणि थोडक्यात सांग: कुठे राहणार, किती दिवस, पैसे कसे आणलेस, परत कधी. हॉटेलचे पहिल्या चार रात्रींचे बुकिंग आणि बाहेर पडण्याचे तिकीट पुढे केले की बोलणे तिथेच संपते. आणि ताई, आई म्हणून तुम्हीही एकदा विचारून घ्या की तिकडे कोणी 'कामाचे बघतो' असे म्हटले आहे का. म्हटले असेल तर तिकीट बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाची चौकशी करा.

मुलगा दहावी झाला आहे ना? विचारायचे कारण असे, की दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असते, म्हणजे कामासाठी परदेशी जाताना सरकारी परवानगी तपासावी लागते. ज्यांच्यासाठी ही परवानगी लागते अशा १८ देशांच्या यादीत थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया तिन्ही आहेत. ईसीआर पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याकडे आपले इमिग्रेशन परतीचे तिकीट पाहते. तिथे क्वालालंपूरचे तिकीट पुढे करून भागणार नाही, भारताचेच दाखवावे लागेल.

गोव्यात आणखी काही माणसांना हा नियम वेगळ्या रूपात भेटतो, म्हणून तेही लिहून ठेवतो. बोटीवर कामाला जाणारा तारवटी नेहमी जायच्याच तिकिटावर जातो, कारण परतीची तारीख जहाज ठरवते. काउंटरवर लागून मला महिनाच झाला असेल, तेव्हा सासष्टीच्या एका वयस्क तारवट्याकडे मी परतीचे तिकीट मागितले होते. ते चिडले नाहीत. काखेतली निळी प्लास्टिकची फाइल उघडून त्यांनी एकेक कागद माझ्यासमोर मांडला: पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही, कंपनीचे जहाजावर रुजू होण्याचे पत्र, एजंटचे हमीपत्र, जहाजाचे नाव आणि बंदर. प्रत्येक कागद वेगळ्या कप्प्यात, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक. माझ्या सुपरवायझरने टायमॅटिकमधली खलाशांसाठीची सवलत दाखवली तेव्हा मला कळले की अशा माणसाचे परतीचे तिकीट म्हणजे कंपनीचे हमीपत्र. जहाजावर जाणाऱ्या पोरांना मी आजही तशीच फाइल करायला लावतो. हमीपत्रावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जहाजाचे नाव जुळते का, एवढे नक्की पाहा. एक अक्षर चुकले तरी रात्रभर मेल-फोन चालतात.

पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यांची समजूत असते की त्यांना असले काही लागत नाही. लागते. व्हिसाशिवाय, ईएसटीए या ऑनलाइन परवानगीवर अमेरिकेला जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाकडे परतीचे किंवा पुढचे तिकीट असावेच लागते, मुक्काम ९० दिवसांच्या आत. पुढचे तिकीट कॅनडा, मेक्सिको किंवा शेजारच्या बेटांवर संपत असेल तर तो तिथला रहिवासी असल्याशिवाय ते धरत नाहीत. याच पासपोर्टवर लंडनच्या भावाकडे जाणाऱ्यांना २ एप्रिल २०२५ पासून आधी ईटीए ही ब्रिटनची ऑनलाइन परवानगी काढावी लागते, हेही अजून कित्येकांना माहीत नाही. आणि उलट दिशेने, ज्यांची घरे मोरजी-हरमलला परदेशी पाहुण्यांना भाड्याने जातात त्यांनी पाहुण्यांना आधीच सांगावे: भारताच्या ई-व्हिसाच्या सूचनांतही परतीचे किंवा पुढचे तिकीट आणि खर्चाला पुरेसे पैसे जवळ हवेत असे लिहिले आहे. सहा महिने राहायला येणारा पाहुणा मॉस्कोच्या काउंटरवर अडकतो आणि इथे घरमालकाची खोली रिकामी राहते.

परत तुमच्या मुलाकडे येतो. मोपा ते मुंबई आणि मुंबई ते बँकॉक हे दोन टप्पे एकाच पीएनआरवर आहेत का, ते आजच पाहा. एक असेल तर कागद मोपालाच तपासतील, आणि काही उणे निघाले तर तुम्ही तासाभरात तिथे पोचू शकता. वेगवेगळे असतील तर ही तपासणी मुंबईला होईल, तीही सामान उचलून, लागले तर दुसऱ्या टर्मिनलला गेल्यावर. तिथे त्याच्या मदतीला कोणी नसेल. तेव्हा मध्ये निदान पाच तास ठेवा. वेब चेक-इन झाले म्हणून निश्चिंत होऊ नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात सहसा कागद पाहिल्यावरच बोर्डिंग पास देतात.

पुढच्या तिकिटावरचे नाव पासपोर्टवर आहे तसेच हवे, आडनावासकट. तिकीट, हॉटेल, थायलंडचे कार्ड आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा कागदावर छापून द्या. रांगेत उभे असताना फोनची बॅटरी जाते. पासपोर्ट पोचल्या दिवसापासून सहा महिने तरी चालू असावा. विमानाच्या तीन तास आधी मोपाला पोचा, म्हणजे सगळे करूनही काउंटरवर काही निघालेच तर तिथेच बसून तिकीट काढायला तासभर हाताशी राहील. आणि कार्डाचा ओटीपी ज्या फोनवर येतो, तो फोन त्याच्याच खिशात असू द्या.